लोखंडाचे अब्जांश कण आणि वाशीमचे सांडपाणी

वाशीम जिल्हा दोन मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांच्या सीमेवर वसलेला आहे. येथील पठारावर उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा मात्र वर्धा आणि प्राणहिता यांच्या मार्गाने गोदावरीत जाते. अडाण आणि अरुणावती या नद्याही पैनगंगेच्याच उपनद्या. अकोला शहराला पिण्याचे पाणी पुरविणारा महान येथील जलाशय काटेपूर्णेवर आहे, तर पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या पाण्यावर यवतमाळ, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांतील शेती अवलंबून आहे. त्यामुळे वाशीमच्या ओढ्या-नाल्यांत जे सोडले जाते, त्याचा परिणाम जिल्ह्याच्या हद्दीपुरता मर्यादित राहत नाही.

सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी लोखंडाच्या अब्जांश कणांचा, म्हणजेच नॅनो कणांचा वापर हा जगभरच्या संशोधनाचा विषय आहे. क्रोमियम, आर्सेनिक, कापडाचे रंग, कीटकनाशके अशा अनेक प्रदूषकांवर हे कण प्रभावी ठरल्याचे प्रयोगांतून दिसले आहे. लोखंड स्वस्त आहे, सर्वत्र मिळते आणि इतर अनेक धातूंच्या तुलनेत कमी घातक आहे. साहजिकच हे तंत्र लहान शहरांच्या सांडपाण्यावरचा सोपा उपाय ठरेल काय, असा प्रश्न निर्माण होतो. त्याचे उत्तर शोधताना हे कण नेमके काय करतात, काय करू शकत नाहीत आणि वाशीमसारख्या जिल्ह्याच्या सांडपाण्याचे स्वरूप काय आहे, या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करावा लागतो.

अब्जांश कण म्हणजे काय?

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. ज्या कणांचा आकार १ ते १०० नॅनोमीटर या दरम्यान असतो, त्यांना सर्वसाधारणपणे नॅनो कण म्हटले जाते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर असते, यावरून या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी.

कणांचा आकार कमी झाला की त्यांचे एकूण पृष्ठफळ वाढते. एक ग्रॅम लोखंडाचा घनाकृती तुकडा घेतला, तर त्याचे पृष्ठफळ जेमतेम दीड चौरस सेंटिमीटर भरते. तेच एक ग्रॅम लोखंड ५० नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणांत विभागले, तर पृष्ठफळ सुमारे १५ चौरस मीटर, म्हणजे १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जमिनीएवढे होते. पाण्यातील प्रदूषकाशी होणारी रासायनिक क्रिया लोखंडाच्या पृष्ठभागावरच होत असल्याने हा फरक निर्णायक ठरतो. ज्या क्रियेला लोखंडाच्या किसाने कित्येक तास लागतात, ती अब्जांश कणांमुळे काही मिनिटांत होऊ शकते.

अशा प्रत्येक कणाचे दोन भाग असतात. आत शुद्ध धातुरूप लोखंडाचा गाभा असतो आणि बाहेर ऑक्साइडचे, म्हणजे गंजाचे, काही नॅनोमीटर जाडीचे कवच असते. गाभा इलेक्ट्रॉन देतो आणि कवच प्रदूषक धरून ठेवते. या दुहेरी रचनेमुळे एकच पदार्थ निरनिराळ्या प्रकारच्या प्रदूषकांवर काम करू शकतो.

विविध प्रदूषकांवरील क्रिया

क्रोमियमचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. धातूंवर मुलामा देणाऱ्या, चामडे कमावणाऱ्या आणि काही रंगद्रव्ये तयार करणाऱ्या उद्योगांच्या सांडपाण्यात क्रोमियम आढळते. त्याचे षट्संयुजी रूप पाण्यात सहज विरघळते, पिवळसर दिसते आणि कर्करोगकारक मानले जाते. लोखंडाचे कण त्याला इलेक्ट्रॉन देतात व त्याचे त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर होते. हे रूप तुलनेने कमी विषारी असते आणि पाण्याची आम्लता योग्य राखली तर गाळाच्या रूपाने तळाशी बसते. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण निकषांनुसार नदी-नाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यात षट्संयुजी क्रोमियमचे प्रमाण लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये.

कापडउद्योगात मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या ॲझो रंगांच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंचा एक विशिष्ट बंध असतो. लोखंडाचे कण हा बंध तोडतात आणि रंगीत पाणी काही वेळात फिके होते. आर्सेनिकच्या बाबतीत क्रिया वेगळी आहे. कणांभोवती तयार होणाऱ्या गंजाच्या थरावर आर्सेनिक चिकटून बसते. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. तळ्यांमध्ये शेवाळ व जलपर्णी वाढविणारे फॉस्फेटही याच पद्धतीने पकडले जाते.

काही क्लोरिनयुक्त कीटकनाशके आणि औद्योगिक द्रावके यांच्या रेणूंतील क्लोरिन वेगळा करण्याचे कामही हे कण करतात. त्यांच्या जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले, तर अत्यंत क्रियाशील असे हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतात आणि सहजासहजी न कुजणारे सेंद्रिय पदार्थ मोडून पडतात. लोह आणि पेरॉक्साइड यांच्या या जोडीचा शोध हेन्री फेंटन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्येच प्रसिद्ध केला होता. अब्जांश कणांनी या जुन्या क्रियेला नवे साधन दिले आहे.

भिंतीपासून कणांपर्यंतचा प्रवास

प्रदूषित पाण्यासाठी धातुरूप लोखंड वापरण्याची कल्पना नॅनो तंत्रज्ञानापूर्वीची आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात रॉबर्ट गिलहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी लोखंडाच्या किसाने भूजलातील क्लोरिनयुक्त द्रावके नष्ट होतात, हे दाखवून दिले. त्यातून जमिनीखाली लोखंडाच्या किसाची सच्छिद्र भिंत उभारण्याची पद्धत पुढे आली. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात एलिझाबेथ सिटी येथील तटरक्षक दलाच्या तळावर १९९६ मध्ये अशी भिंत बांधण्यात आली. सुमारे ४६ मीटर लांब, ७.३ मीटर खोल आणि ०.६ मीटर जाड असलेल्या या भिंतीतून वाहणाऱ्या भूजलातील क्रोमियम आणि ट्रायक्लोरोएथिलीन यांवर तेथे उपचार होऊ लागला.

पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, अमेरिकेतील लीहाय विद्यापीठाचे वेइ-शियान झांग आणि त्यांचे सहकारी यांनी अब्जांश आकाराचे लोहकण तयार करून त्यांची क्रियाशीलता दाखवून दिली. भिंत बांधण्यासाठी जमीन खोदावी लागते. कण मात्र पाण्यात मिसळून नळीवाटे जमिनीत सोडता येतात, हा त्यातील मोठा फायदा होता. न्यू जर्सी राज्यातील एका औद्योगिक जागेवरील प्रत्यक्ष चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपीय संघाने २०१३ ते २०१७ या काळात ‘नॅनोरेम’ हा प्रकल्प राबवून प्रदूषित जमीन व भूजल यांसाठी अशा कणांच्या वापराचा अभ्यास केला. चीनमध्ये तोंगजी विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तंत्र भूजलापुरते न ठेवता तांबे शुद्ध करणाऱ्या उद्योगाच्या आर्सेनिक व जड धातूयुक्त सांडपाण्यावरही वापरले.

या सर्व उदाहरणांत एक साम्य आहे. प्रत्येक ठिकाणी प्रदूषक कोणते आहे हे आधीच निश्चित माहीत होते, ते विषारी होते आणि नेहमीच्या जैविक प्रक्रियेने ते नाहीसे होणारे नव्हते.

भारतातील काम

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००७ मध्ये ‘नॅनो मिशन’ सुरू केले. पाच वर्षांसाठी १ हजार कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या कार्यक्रमामुळे देशातील विद्यापीठे आणि संशोधन संस्थांत या विषयाला गती मिळाली.

पाण्याच्या क्षेत्रातील सर्वांत परिचित भारतीय उदाहरण चेन्नई येथील आयआयटी मद्रासचे आहे. तेथील प्रा. थलप्पिल प्रदीप यांच्या गटाने लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे अब्जांश रूप आणि कायटोसान हा जैविक बहुवारिक यांच्या संयोगातून आर्सेनिक काढून टाकणारे माध्यम विकसित केले. ‘अमृत’ या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र आर्सेनिकग्रस्त राज्यांत पिण्याच्या पाण्यासाठी वापरले जात आहे. प्रा. प्रदीप यांना २०२० मध्ये पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले.

या उदाहरणातील दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. येथे लोह धातुरूपात नसून ऑक्सिहायड्रॉक्साइडच्या रूपात वापरले आहे, आणि ते सुटे न सोडता एका माध्यमात बांधून ठेवले आहे. पाणी माध्यमातून वाहते, कण मात्र जागेवर राहतात. शिवाय हे तंत्र पिण्याच्या पाण्यासाठी आहे. सांडपाण्यात सेंद्रिय घाण, साबण, मीठ, तेल असे असंख्य पदार्थ असतात आणि ते कणांचा पृष्ठभाग व्यापून टाकतात. त्यामुळे पिण्याच्या पाण्यात आलेले यश सांडपाण्यात तसेच येईल, असे गृहीत धरता येत नाही.

विदर्भात या विषयातील मार्गदर्शनासाठी नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, उपलब्ध आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने फ्लोराइडयुक्त पाण्यासाठी ‘नालगोंडा’ पद्धत आणि सांडपाण्यासाठी वनस्पतींच्या साहाय्याने चालणारी ‘फायटोरिड’ पद्धत विकसित केली आहे.

पानांच्या अर्कापासून लोहकण

धातुरूप अब्जांश लोह तयार करण्याची रूढ पद्धत म्हणजे फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडियम बोरोहायड्राइड मिसळणे. काही क्षणांत काळा साका तयार होतो. मात्र बोरोहायड्राइड महाग असते आणि या क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. तयार झालेले कोरडे कण हवेच्या संपर्कात पेट घेऊ शकतात, म्हणून ते ऑक्सिजनविरहित वातावरणात किंवा द्रवात ठेवावे लागतात.

यावर पर्याय म्हणून चहा, कडुनिंब, निलगिरी आदींच्या अर्कातील पॉलिफेनॉल वापरून लोहकण तयार करण्याची ‘हरित’ पद्धत गेल्या दीड दशकात लोकप्रिय झाली आहे. भारतातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून असे प्रयोग होतात. साहित्य स्वस्त असते, उपकरणे साधी असतात आणि विद्यार्थ्यांना पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांचा मेळ प्रत्यक्ष पाहता येतो. वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते अमरावतीचे विद्यापीठ स्वच्छतेचा ध्यास घेतलेल्या संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. तेव्हा या विषयाचे येथे औचित्यही आहे.

तथापि अशा प्रयोगांचे निष्कर्ष वाचताना सावधगिरी आवश्यक आहे. वनस्पतींच्या अर्कापासून मिळणारा काळा पदार्थ पुष्कळदा धातुरूप लोह नसून लोह व पॉलिफेनॉल यांचे संयुग किंवा लोहाचे ऑक्साइड असते, असे अनेक संशोधकांनी निदर्शनास आणले आहे. हा पदार्थही उपयोगी असू शकतो, परंतु त्याची क्रिया निराळी असते. दुसरे असे की, अनेक प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात मेथिलीन ब्लूसारखा एकच रंग विरघळवून केले जातात. तेथे मिळालेली ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता नाल्यातील पाण्यात टिकेलच, असे नाही. अर्कातील उरलेले सेंद्रिय द्रव्य पाण्यातील प्राणवायूची मागणी वाढवते, हाही मुद्दा दुर्लक्षिला जातो.

तंत्राच्या मर्यादा

पहिली मर्यादा कणांच्या स्वभावातच आहे. लोहकण चुंबकीय गुणधर्मामुळे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि त्यांचे मोठे पृष्ठफळ कमी होते. ते टाळण्यासाठी बेंटोनाइट माती, कोळसा किंवा जैविक बहुवारिक यांचा आधार द्यावा लागतो. दुसरे म्हणजे कण पाण्याशी आणि प्राणवायूशी क्रिया करून वेगाने गंजतात. म्हणजे प्रदूषक असो वा नसो, लोखंड खर्च होतच राहते.

तिसरी मर्यादा नायट्रेटची आहे आणि ती विदर्भासाठी विशेष महत्त्वाची ठरते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटचे प्रमाण अधिक आढळलेल्या जिल्ह्यांत वाशीमच्या शेजारच्या बुलडाणा, अमरावती आणि यवतमाळ यांचा समावेश आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. धातुरूप अब्जांश लोह नायट्रेट कमी करते खरे, परंतु त्याचे रूपांतर मुख्यत्वे अमोनियात होते. म्हणजे एक प्रदूषक जाऊन त्याच्या जागी दुसरे येते. निरुपद्रवी नायट्रोजन वायू तयार करण्याचे काम योग्य परिस्थितीत जीवाणू अधिक चांगले करतात.

चौथी मर्यादा रंगांच्या बाबतीत आहे. ॲझो रंगाचा बंध तुटला की पाणी स्वच्छ दिसते. परंतु त्यातून ॲरोमॅटिक अमाइन नावाची संयुगे मागे राहतात आणि त्यांतील काही विषारी असतात. पाण्याचा रंग गेला एवढ्यावरून ते शुद्ध झाले, असे म्हणता येत नाही. पुढील ऑक्सिडीकरण किंवा जैविक प्रक्रिया करावीच लागते.

पाचवी बाब सुरक्षिततेची. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी आणि रॉयल ॲकॅडमी ऑफ इंजिनीअरिंग या संस्थांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात पुरेसे संशोधन होईपर्यंत सुटे नॅनो कण पर्यावरणात सोडू नयेत, अशी शिफारस केली होती. धातुरूप लोहकण प्राणवायू नसलेल्या पाण्यात ई-कोलायसारखे जीवाणू मारतात, हेही प्रयोगांतून दिसले आहे. रोगजंतू मरत असतील तर ते चांगलेच; पण सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील घाण कुजविणारे उपयुक्त जीवाणूही याच तडाख्यात सापडू शकतात. म्हणून जैविक प्रक्रियेच्या टाकीत असे कण थेट ओतणे योग्य नाही.

वाशीमच्या सांडपाण्याचे गणित

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख, तर वाशीम शहराची ७८ हजार ३८७ होती. निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ मध्ये त्याचा समावेश झाला. सोयाबीन, तूर आणि कापूस ही येथील प्रमुख पिके असून रासायनिक किंवा धातूप्रक्रिया उद्योगांचे मोठे जाळे जिल्ह्यात नाही. येथील शहरांच्या सांडपाण्यात मोठा वाटा घरगुती मैलापाण्याचाच राहणार, हे यावरून उघड आहे.

भूमिगत गटारे असलेल्या शहरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी, असे गणित नियोजनात मांडले जाते. हेच प्रमाण २०११ च्या लोकसंख्येला लावले, तर वाशीम शहराचे सांडपाणी दिवसाला सुमारे ८५ लाख लिटर भरते. प्रयोगशाळेतील चाचण्यांत एका लिटरला अर्धा ते दोन ग्रॅम लोहकण वापरणे सर्रास आढळते. यातील सर्वांत कमी, म्हणजे अर्धा ग्रॅम हे प्रमाण धरले, तरी शहराच्या सर्व सांडपाण्यासाठी दिवसाला सव्वाचार टन अब्जांश लोह लागेल. वर्षाला हा आकडा दीड हजार टनांच्या वर जातो. हे सर्व लोखंड गंजल्यावर दररोज साडेसहा टनांहून अधिक कोरडा गाळ केवळ लोखंडापासूनच तयार होईल. मैल्याचा गाळ त्याहून वेगळा. एवढा गाळ वाळवायचा कोठे आणि टाकायचा कोठे, हा प्रश्न कोणत्याही नगर परिषदेला पेलणारा नाही.

शिवाय मैलापाण्यातील मुख्य दोष म्हणजे कुजणारे सेंद्रिय द्रव्य आणि रोगजंतू. अतिसार, विषमज्वर आणि कावीळ यांचा प्रसार त्यातूनच होतो. सेंद्रिय द्रव्य नाहीसे करण्याचे काम जीवाणू अत्यल्प खर्चात करतात. ऑक्सिडेशन तळी, वायुमिश्रणाच्या टाक्या किंवा ‘फायटोरिड’सारखी वनस्पतीआधारित केंद्रे या सर्वांचे तत्त्व तेच आहे. त्यानंतर क्लोरिन किंवा अतिनील किरणांनी निर्जंतुकीकरण करता येते. ज्या शहरात गटारे जोडलेली नाहीत आणि मैलापाणी प्रक्रियेविना नाल्यात जाते, तेथे पहिला रुपया या मूलभूत कामावरच खर्च होणे हिताचे आहे.

मग उपयोग कोठे?

याचा अर्थ अब्जांश लोहाचा जिल्ह्याला काहीच उपयोग नाही, असा नाही. हे तंत्र कमी प्रमाणातील, परंतु विषारी आणि जीवाणूंना दाद न देणाऱ्या सांडपाण्यासाठी आहे. धातूंवर मुलामा देणारे छोटे कारखाने, महाविद्यालये व तपासणी प्रयोगशाळा यांचे रासायनिक सांडपाणी, कीटकनाशकांच्या फवारणीची उपकरणे जेथे एकत्रित धुतली जातात तेथील पाणी, ही त्याची संभाव्य क्षेत्रे होत. अशा ठिकाणी दिवसाकाठी काहीशे लिटर ते काही हजार लिटर पाणी असते आणि ते मूळ जागीच वेगळे साठवता येते. हे पाणी शहराच्या गटारात मिसळण्यापूर्वीच त्यावर उपचार करणे सोपे आणि स्वस्त असते. एकदा ते लाखो लिटर मैलापाण्यात मिसळले, की कोणतेही तंत्र तोकडे पडते.

अशा ठिकाणीही तुलना जुन्या उपायांशी करावी लागते. क्रोमियमसाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, वापरण्याची पद्धत उद्योगांत फार जुनी आहे. रासायनिक समीकरणानुसार एक ग्रॅम षट्संयुजी क्रोमियमसाठी सुमारे १६ ग्रॅम हिराकस लागते. धातुरूप लोह तत्त्वतः एका ग्रॅमला एक ग्रॅमच्या आसपास पुरते, पण गंजण्यात बराचसा भाग वाया जात असल्याने प्रत्यक्षात कित्येक पट अधिक घालावे लागते. गाळ कमी होणे हा अब्जांश लोहाचा फायदा ठरू शकतो. मात्र तो कणांच्या किमतीशी आणि साठवणुकीतील धोक्याशी ताडून पाहावा लागेल. काही ठिकाणी यंत्रशाळेतील लोखंडाचा किस भरलेली साधी टाकीही पुरेशी ठरते.

कोणतेही तंत्र वापरले तरी मागे राहणारा क्रोमियमयुक्त गाळ धोकादायक कचऱ्यात मोडतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याची वाहतूक व विल्हेवाट अधिकृत केंद्रामार्फतच करावी लागते. विदर्भासाठी असे केंद्र नागपूरजवळ बुटीबोरी येथे आहे. गाळ शेतात किंवा नाल्यात टाकला, तर पाण्यातून काढलेले विष जमिनीत गेले एवढाच फरक पडतो.

निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

नॅनो तंत्रज्ञानाच्या नावाने एखादे संयंत्र नगर परिषदेपुढे, उद्योगापुढे अथवा महाविद्यालयापुढे मांडले गेले, तर पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे घेणे उपयुक्त ठरेल.

१) नेमके कोणते प्रदूषक काढावयाचे आहे आणि सांडपाण्यात त्याचे प्रमाण किती आहे?

२) चाचणी त्याच ठिकाणच्या सांडपाण्यावर झाली आहे, की प्रयोगशाळेत तयार केलेल्या द्रावणावर?

३) कण धातुरूप लोहाचे आहेत, की ऑक्साइडचे? ते सुटे आहेत, की एखाद्या माध्यमात बांधलेले?

४) प्रक्रियेनंतर पाण्यात लोह किती उरते? नदी-नाल्यात सोडावयाच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला तीन मिलिग्रॅम आहे.

५) एक हजार लिटरमागे खर्च किती, गाळ किती, आणि तो कोठे जाणार?

६) हिराकस, तुरटी, लोखंडाचा किस किंवा जैविक प्रक्रिया यांच्या तुलनेत फायदा कोणता?

७) प्रात्यक्षिक संपल्यानंतर संयंत्र चालविणारा प्रशिक्षित कर्मचारी कोण असेल?

या प्रश्नांपैकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नसेल, तर पुढे जाण्याचे कारण उरत नाही. सांडपाण्याची नियमित तपासणी हा म्हणूनच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक उपाय आहे. येथे स्थानिक महाविद्यालयांना मोठे काम करता येण्याजोगे आहे. शहराच्या निरनिराळ्या नाल्यांतील पाण्याचे नमुने तिन्ही ऋतूंत घेऊन त्यांतील सेंद्रिय भार, नायट्रेट, फॉस्फेट, जीवाणू आणि जड धातू यांची नोंद ठेवली, तर कोणत्या नाल्यावर साधे जैविक केंद्र पुरेल आणि कोणत्या ठिकाणी रासायनिक उपचाराची गरज आहे, हे ठरविता येईल. लोहकणांचे प्रयोगही ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी याच नमुन्यांवर केल्यास त्यांचे निष्कर्ष शहराच्या उपयोगी पडतील.

उपायांचा क्रम त्यातून स्पष्ट होतो. आधी विषारी सांडपाणी मूळ जागीच वेगळे करणे, नंतर घरगुती मैलापाण्यावर जैविक प्रक्रिया आणि निर्जंतुकीकरण, आणि जेथे जीवाणूंचे काही चालत नाही तेवढ्याच ठिकाणी अब्जांश लोह. काटेपूर्णेच्या पाण्यावर अकोलेकरांची तहान भागते आणि पैनगंगेच्या पाण्यावर तीन जिल्ह्यांची शेती उभी आहे. त्यामुळे या क्रमातील पहिल्या दोन पायऱ्या वाशीम जिल्ह्यातील शहरे किती लवकर चढतात, याकडे खालच्या अंगाला राहणाऱ्यांनीही लक्ष ठेवण्याची गरज आहे.